असेंबल्ड संगणकावर विंडोजचे अपडेट फसले तर : नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

ब्रँडेड संगणक आणि सुटे भाग निवडून जोडून घेतलेला संगणक यांच्यातला एक मोठा फरक विकत घेताना जाणवत नाही. विंडोजचे अपडेट फसले की तो समोर येतो. ब्रँडेड यंत्रात मदरबोर्ड, डिस्क, रॅम आणि ड्रायव्हर (एखादा भाग विंडोजला चालवता यावा यासाठीचे सॉफ्टवेअर) यांचा मेळ एका कंपनीने तपासलेला असतो. असेंबल्ड यंत्रात मदरबोर्ड नागपुरातल्या सीताबर्डीच्या एका दुकानातला, ग्राफिक्स कार्ड धंतोलीतल्या दुसऱ्या दुकानातले, रॅम ऑनलाइन मागवलेली आणि हार्डडिस्क जुन्या यंत्रातून काढून लावलेली असते. या सर्वांचे एकमेकांशी जमते का, हे रोजच्या वापरात फारसे तपासले जात नाही. अपडेटच्या वेळी मात्र एकाच बैठकीत सगळ्यांची परीक्षा होते. म्हणून ‘अपडेटच खराब आले’ असे म्हणण्याआधी ते कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या भागापाशी अडले, हे शोधणे हेच दुरुस्तीचे खरे काम आहे.

या शोधाचा क्रम महत्त्वाचा आहे. ज्यात काहीच गमावण्यासारखे नाही ते आधी करावे, जे करून परत पूर्ववत करता येते ते त्यानंतर, आणि जे परत फिरवता येत नाही ते अगदी शेवटी. दुकानात यंत्र नेले की बहुधा हा क्रम उलटा होतो. ‘फॉर्मॅट मारून देतो नं भाऊ, तासाभरात होऊन जाईल,’ हे वाक्य नागपुरात असेंबल्ड संगणक वापरणाऱ्या बहुतेकांनी ऐकलेले असेल. दुकानदाराच्या वेळेच्या हिशेबाने तो सल्ला चुकीचा नाही. पण बायोसमधील (म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधील) एखादी मांडणी किंवा एखादी सदोष रॅम हे मूळ कारण असेल, तर फॉर्मॅटनंतरही ते जागच्या जागी राहते आणि पुढचे मोठे अपडेट पुन्हा तिथेच अडते.

हात लावण्यापूर्वी

अपडेट खरोखर फसले आहे की नुसते रेंगाळले आहे, हे प्रथम ठरवावे. विंडोज एसएसडीवर असेल तर मोठे वार्षिक अपडेटही सहसा फार वेळ घेत नाही. पण ते अजून फिरत्या हार्डडिस्कवर असेल, तर पडद्यावरचा टक्का कितीतरी वेळ एकाच आकड्यावर थांबलेला दिसतो आणि आत काम सुरूच असते. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचा डिस्कचा बारीक दिवा लुकलुकत असेल तर थांबावे. असेंबल्ड यंत्रात हा दिवा मुळात कधीच लागत नसेल तर तेही नवल नाही. मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या बारीक पिनांवर त्याची वायर जोडायची राहून गेलेली असते. अशा वेळी हार्डडिस्कच्या आवाजाकडे लक्ष द्यावे आणि तीन-चार तास तरी धीर धरावा. पडद्यावर ‘अनडूइंग चेंजेस’ असे शब्द आले, तर अपडेट फसले आहे, मात्र विंडोज स्वतःच जुन्या स्थितीकडे परतत आहे, असा त्याचा अर्थ होतो. या परतीच्या वाटेवर असताना बटण दाबून यंत्र बंद करणे सर्वांत घातक असते, कारण त्यामुळे जुनी स्थितीही हाती लागत नाही आणि नवीही नाही.

विजेची व्यवस्था ही दुसरी गोष्ट. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, घरोघरी कूलर आणि एसी एकदमच चालतात, आणि वीज क्षणभर जाऊन येणे हे मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत कोणालाच नवीन नाही. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. संगणकाच्या एसएमपीएसने (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याने) वीज गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरावा एवढीच अपेक्षा असते, आणि स्वस्तातला एसएमपीएस तेवढाही टिकत नाही. इन्व्हर्टरने त्याआधी भार उचलला नाही तर पंखा फिरतच राहतो, पण संगणक मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ अशा दोन खुणांचे एक छोटे बटण असते. ते ‘यूपीएस’वर असले की वीज जाण्या-येण्यातला खंड कमी होतो. संगणकासाठी स्वतंत्र यूपीएस असेल तर उत्तमच, पण त्याची बॅटरी किती वेळ टिकते हे अपडेटच्या आधी एकदा प्लग काढून पाहून घ्यावे.

उष्णतेचाही इथे थेट संबंध आहे. अपडेटच्या काळात प्रोसेसर आणि डिस्क सतत कामात असतात. नवतप्याच्या दुपारी, हीटसिंकमध्ये धुळीचा थर बसलेला असताना अपडेट सुरू केले, तर तापमान मर्यादेबाहेर गेल्याने मदरबोर्ड यंत्र मध्येच बंद करू शकतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की अपडेटनेच घात केला. यंत्र बंद करून ब्लोअरने धूळ काढावी आणि अपडेट पहाटे किंवा सकाळी लावावे. कॅबिनेट कूलरच्या झोतासमोर ठेवण्याची सवय अनेकांना असते. त्या हवेतला दमटपणा आणि धूळ दोन्ही पंख्यांवाटे आत ओढले जातात, म्हणून ती सोडावी.

यानंतर, संगणक सुरू होत असेल तर, महत्त्वाच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, टॅलीचा डेटा आणि ब्राउझरमधील पासवर्ड या जागा हमखास विसरल्या जातात. ‘डी ड्राइव्हमध्ये ठेवले आहे’ हा बॅकअप नव्हे. सी आणि डी हे अनेकदा एकाच डिस्कचे दोन भाग असतात.

आता यंत्राची ओळख करून घ्यावी. स्टार्टच्या शोधपट्टीतून ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडावे. तिथे मदरबोर्डचे नाव, बायोसची आवृत्ती आणि तारीख, ‘बायोस मोड’ म्हणजे लेगसी (सुरू होण्याची जुनी पद्धत) की यूईएफआय (नवी पद्धत), आणि ‘सिक्युअर बूट’ची (सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरच चालू देणाऱ्या सोयीची) स्थिती एकाच पानावर मिळते. या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीला यातली कोणती ना कोणती ओळ लागते.

संकेतांक काय सांगतो

सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’ आणि त्याखालील ‘अपडेट हिस्टरी’ येथे फसलेल्या अपडेटपुढे शून्य आणि एक्स यांनी सुरू होणारा संकेतांक दिलेला असतो. तो जसाच्या तसा टिपून घ्यावा. पुढे दिलेल्या संकेतांकांत सुरुवातीचे शून्य-एक्स गाळले आहे.

८००७००७० म्हणजे सी ड्राइव्हवर जागा अपुरी. असेंबल्ड यंत्रात विंडोजसाठी १२० किंवा २४० जीबीची एसएसडी आणि बाकी सगळ्यासाठी हार्डडिस्क ही जोडी फार आढळते, त्यामुळे हा संकेतांकही फार आढळतो. मोठ्या अपडेटसाठी निदान वीस-पंचवीस जीबी मोकळे असावेत. ८००७२एफ८एफ दिसला तर आधी पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सीआर२०३२ सेल संपला, की प्लग काढल्यावर तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षावर जाते, आणि तारीख चुकीची असली की अपडेटच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही. हा सेल किरकोळ किमतीत मिळतो. त्याचा आणखी एक उपद्रव असा, की तो संपल्यावर बायोसमधील आपण केलेले बदलही प्रत्येक वीजखंडितीनंतर पुसले जाऊ शकतात. पाच-सहा वर्षे जुन्या यंत्रात तो मुकाट्याने बदलून टाकणेच श्रेयस्कर. ८००७३७१२ हा विंडोजच्या स्वतःच्या फाइलसाठ्यात बिघाड असल्याचे सांगतो. सी१९००२०० म्हणजे यंत्र किमान पात्रतेत बसत नाही, आणि सी१९००२०८ म्हणजे एखादा विसंगत प्रोग्रॅम आड येत आहे. विंडोज १० वर ८००७०६४३ सतत दिसत असेल, तर जानेवारी २०२४ मधील एका अपडेटला रिकव्हरी विभागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ती मिळाली नाही, हे त्याचे एक परिचित कारण आहे. इतर अपडेट नीट येत असतील तर केवळ त्यासाठी नवशिक्याने डिस्कचे विभाग हलवण्याच्या भानगडीत पडू नये.

असेंबल्ड यंत्राच्या दृष्टीने सर्वांत बोलका संकेतांक म्हणजे सी१९००१०१. तो बहुधा ड्रायव्हरकडे बोट दाखवतो, आणि त्याला जोडून दुसरा एक आकडा येतो, उदाहरणार्थ २००१७ किंवा ३००१८. या दुसऱ्या आकड्याचा पहिला अंक टप्पा सांगतो. १ असेल तर जुने विंडोज चालू असतानाच अडचण आली. २ असेल तर पहिल्या रीस्टार्टनंतरच्या छोट्या तात्पुरत्या प्रणालीत गाडे अडले. तिथे डिस्कचा कंट्रोलर, बायोसची मांडणी किंवा जोडलेले एखादे उपकरण यांचा संशय घ्यावा. ३ असेल तर नवे विंडोज प्रथमच सुरू होताना ड्रायव्हर बसवण्यात अडले, आणि तिथे ग्राफिक्स, वाय-फाय किंवा साउंड कार्डाकडे पाहावे. नुसते ‘रिट्राय’ दाबत राहण्यापेक्षा हा एक अंक वाचल्याने कितीतरी वेळ वाचतो. ज्यांना आणखी खोलात जायचे आहे, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘सेटअपडायग’ नावाचे मोफत साधन फसलेल्या अपडेटच्या नोंदी चाळून कारण एका फाइलमध्ये लिहून देते.

साधे उपाय आधी

कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून बाकी सर्व काही काढावे : प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, कार्ड रीडर, वेबकॅम, ब्लूटूथचे डोंगल, गेमपॅड. इंटरनेट वाय-फायच्या डोंगलवर असेल तर तेवढ्यापुरती लॅनची वायर लावावी. बाहेरचे अँटिव्हायरस आणि व्हीपीएन नुसते बंद न करता अपडेटपुरते काढून टाकावे. विंडोजचे स्वतःचे संरक्षण तोवर आपोआप सुरू होते. स्टार्टच्या शोधपट्टीतून ‘डिस्क क्लीनअप’ उघडून सी ड्राइव्ह निवडावा आणि त्यातील ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ने जुन्या अपडेटचा कचरा काढावा. त्यात ‘डाउनलोड्स’समोर चौकट दिसली आणि तिच्यात खूण असेल तर ती काढूनच पुढे जावे.

इतके करून विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, ट्रबलशूट, ‘अदर ट्रबलशूटर्स’ या वाटेने विंडोज अपडेटचा तपासनीस चालवावा. त्याने भागले नाही, तर उतरवलेले अपडेटच अर्धवट किंवा खराब आहे असे धरून ते नव्याने उतरवण्यास भाग पाडावे. त्यासाठी ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस’ या दोन सेवा थांबवाव्यात, सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरात ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ नावाचे फोल्डर शोधून त्याच्या नावापुढे ‘जुने’ अशा अर्थाचा कोणताही शब्द जोडावा आणि संगणक रीस्टार्ट करावा. विंडोज ते फोल्डर पुन्हा नव्याने तयार करते. अपडेटच्या इतिहासाची यादी यात रिकामी दिसू लागते, म्हणूनच संकेतांक आधी टिपून घ्यायला सांगितले.

दोन डिस्क आणि हरवलेला बूट विभाग

हा दोष असेंबल्ड यंत्रांचाच म्हणावा इतका त्यांच्यात रुजलेला आहे. आधी हार्डडिस्कवर विंडोज होते. मग एसएसडी घेतली, आणि हार्डडिस्क जोडलेली असतानाच एसएसडीवर नवे विंडोज टाकले. विंडोज बसवणाऱ्या प्रोग्रॅमला हार्डडिस्कवर आधीचा बूट विभाग दिसला आणि त्याने तोच वापरला. परिणामी विंडोज एसएसडीवर, पण ते सुरू करणाऱ्या फाइल्स जुन्या हार्डडिस्कवर, अशी विभागणी होते. रोज संगणक व्यवस्थित सुरू होतो, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. मोठे अपडेट मात्र बूट विभागात नव्या फाइल्स लिहू पाहते, आणि तो विभाग जुन्या डिस्कवर, अपुरा किंवा खराब असला की ‘सिस्टिम रिझर्व्ह्‌ड पार्टिशन’ अद्ययावत करता आले नाही असा संदेश येतो, किंवा ८००एफ०९२२ हा संकेतांक दिसतो.

तपासणे सोपे आहे. स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्कची आडवी पट्टी दिसते. ज्या पट्टीत सी ड्राइव्ह आहे, त्याच पट्टीत ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ किंवा ‘सिस्टिम रिझर्व्ह्‌ड’ असे लिहिलेला छोटा, साधारण १०० एमबीचा किंवा थोडा मोठा विभाग असायला हवा. तो दुसऱ्या डिस्कच्या पट्टीत असेल, तर दोष सापडला. त्याची दुरुस्ती म्हणजे एसएसडीवर नवा बूट विभाग करून त्यात फाइल्स लिहिणे. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे, पण नेमके कोणते काम करायचे आहे हे त्याला आपण सांगावे. काहीही झाले तरी, तपासणी म्हणून ती जुनी हार्डडिस्क काढून अपडेट चालवून पाहू नये. बूट विभागच तिच्यावर असल्याने संगणक सुरूच होणार नाही. बूट विभाग एसएसडीवरच आहे अशी खात्री पटली, तर मात्र यंत्र बंद करून बाकी डिस्कच्या वायरी काढून ठेवणे आणि मग अपडेट लावणे हा फार उपयोगी उपाय आहे.

बायोसमधील तीन गोष्टी, त्याही क्रमाने

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. त्यामुळे अनेक जण जुन्या असेंबल्ड यंत्रावर विंडोज ११ चढवू पाहतात आणि तिथेच अडतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय), सिक्युअर बूटची क्षमता, यूईएफआय, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची डिस्क लागते. प्रोसेसर ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा रायझन २००० मालिकेचा आणि त्यापुढचा हवा. टीपीएमची वेगळी चिप नाही म्हणून निराश होऊ नये. ती सोय या प्रोसेसरांमध्ये अंगभूत असते, पण असेंबल्ड बोर्डांवर अनेकदा बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर ती ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते.

बायोसमध्ये जाण्यासाठी यंत्र सुरू होताच डिलीट हे बटण दाबत राहावे. बहुतेक बोर्डांवर तेच चालते. आत गेल्यावर सर्वांत मोठा धोका ‘सीएसएम’ या, जुन्या लेगसी पद्धतीने सुरू होऊ देणाऱ्या पर्यायाचा आहे. सिक्युअर बूटसाठी सीएसएम बंद करावे लागते. पण डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असताना ते बंद केले, तर संगणक बूट करण्याजोगी डिस्कच नाही असे सांगतो. घाबरण्याचे कारण नाही, डेटा जागेवरच असतो. सीएसएम पुन्हा सुरू केले की विंडोज परत येते. योग्य क्रम असा : ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये बायोस मोड लेगसी दिसत असेल तर आधी विंडोजमधील ‘एमबीआर टू जीपीटी’ हे, विभागणी नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारे अंगभूत साधन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून आधी केवळ पडताळणीसाठी आणि ती यशस्वी झाली तरच रूपांतरासाठी चालवावे, त्यानंतर बायोसमध्ये सीएसएम बंद करावे, विंडोज सुरू होते हे पाहावे, आणि मगच सिक्युअर बूट व टीपीएम सुरू करावेत. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्राथमिक विभाग असतील तर हे साधन नकार देते, आणि तो नकार मानावा.

सीएसएम बंद केल्यावर पडदा पूर्ण काळाच राहिला, तर बरेच जुने ग्राफिक्स कार्ड हे त्याचे कारण असू शकते. अशा कार्डाला यूईएफआय समजत नाही. मदरबोर्डला स्वतःचा डिस्प्ले असेल तर वायर तिथे लावून पाहावे. नाहीतर प्लग काढून, तो नाण्याएवढा सेल काही मिनिटे बाहेर ठेवून बायोस मूळ स्थितीत आणावे.

यंत्रावर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) सुरू असेल, तर बायोसला हात लावण्याआधी ते तात्पुरते स्थगित करावे आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. टीपीएममध्ये बदल झाला की संगणक ती मागतो, आणि ती नसेल तर डिस्कवरचा डेटा मिळवण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.

बायोसची नवी आवृत्ती टाकावी का, हा प्रश्न हमखास येतो. माझे मत असे, की कारण असल्याशिवाय टाकू नये. पण टीपीएमचा पर्यायच दिसत नसेल, किंवा बोर्डाच्या कंपनीने सिक्युअर बूटच्या नव्या प्रमाणपत्रांसाठी आवृत्ती दिली असेल, तर ते पुरेसे कारण आहे. २०११ ची जुनी प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागतात. आवृत्ती बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी, बोर्डावर छापलेला ‘रिव्हिजन’चा क्रमांकही जुळवावा, आणि हे काम यूपीएसशिवाय करू नये.

ड्रायव्हर आणि रॅम

ब्रँडेड यंत्राला ड्रायव्हरचे एकच दुकान असते. असेंबल्ड यंत्राला चार-पाच. चिपसेट, लॅन आणि साउंडचे ड्रायव्हर बोर्डाच्या कंपनीकडून, ग्राफिक्सचे कार्डाच्या चिपच्या कंपनीकडून घ्यावेत. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ देणारी फुकट सॉफ्टवेअर टाळावीत. चुकीचा डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर टाकून ती चांगले चालणारे यंत्र बंद पाडू शकतात. संकेतांकाचा दुसरा भाग ३ ने सुरू होत असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून विंडोजच्या मूलभूत डिस्प्लेवर अपडेट करावे आणि नंतर ड्रायव्हर पुन्हा टाकावा.

अपडेट दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर, वेगळ्याच संकेतांकाने फसत असेल, तर संशय सॉफ्टवेअरवरून हार्डवेअरवर न्यावा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रॅमच्या दोन पट्ट्या एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा वेग वाढवणाऱ्या बायोसमधील तयार मांडण्या) लावून जास्त वेगाने चालवल्या जात असतील, तर खेळात किंवा ब्राउझरमध्ये न दिसणारी चूक हजारो फाइल्स उलगडताना दिसते. बायोसमध्ये एक्सएमपी आणि ओव्हरक्लॉकिंग बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही तेच झाले, तर एक पट्टी काढून, मग दुसरी काढून पाहावे आणि रात्रभर ‘मेमटेस्ट८६’ चालू ठेवावे. त्यात एकही चूक दिसली तर ती पट्टी बदलावी. ‘एवढ्या एका चुकीने काय होते’ असे इथे चालत नाही. डिस्कच्या प्रकृतीसाठी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ पुरेसे आहे. त्यात पिवळा किंवा लाल रंग दिसला तर अपडेट बाजूला ठेवून आधी डेटा वाचवावा.

विंडोजची स्वतःची दुरुस्ती

हार्डवेअर निर्दोष ठरल्यावर विंडोजच्या फाइल्सकडे वळावे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून टर्मिनल उघडून इंग्रजी अक्षरांत ‘डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ ही आज्ञा, प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक जागा सोडून, द्यावी. ती संपल्यावर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ द्यावी. हा क्रम उलटू नये, कारण दुसरी आज्ञा ज्या साठ्यातून चांगल्या फाइल्स आणते, तो साठा पहिली आज्ञा दुरुस्त करते.

याने भागले नाही तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी येथे ‘फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट’ हा पर्याय पाहावा. तो आपले प्रोग्रॅम आणि फाइल्स राखून विंडोज जागच्या जागी पुन्हा बसवतो. तो पर्याय नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोजची आयएसओ फाइल उतरवून, चालू विंडोजमधूनच ती उघडून त्यातील ‘सेटअप’ चालवावा आणि ‘फाइल्स व अ‍ॅप्स ठेवा’ हा पर्याय निवडावा. हा पर्याय फिकट, न निवडता येणारा दिसला तर थांबावे. उतरवलेल्या फाइलची भाषा किंवा आवृत्ती बसवलेल्या विंडोजशी जुळत नाही, हे त्याचे नेहमीचे कारण असते : एकीकडे अमेरिकी इंग्रजी आणि दुसरीकडे आंतरराष्ट्रीय इंग्रजी, किंवा एकीकडे होम आणि दुसरीकडे प्रो. तसेच पुढे रेटले तर प्रोग्रॅम जातात.

इथे एका अप्रिय विषयाला हात घालावा लागतो. अनेक असेंबल्ड यंत्रांवर दुकानाच्या पेनड्राइव्हमधले, ‘हलके केलेले’ विंडोज टाकलेले असते, किंवा ते क्रॅकने सक्रिय केलेले असते. हलके करताना काढून टाकलेल्या भागांत अपडेटची सेवाही असू शकते, आणि क्रॅक बहुधा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जाणारी वाट अडवून ठेवतो. अशा प्रतीवर वरील कोणताही उपाय टिकत नाही. बॅकअप घेऊन, अस्सल प्रत विकत घेऊन, विंडोज नव्याने स्वच्छ बसवणे हाच उपाय आहे, आणि फॉर्मॅट योग्य ठरणारी ही एक जागा आहे. पात्रतेची तपासणी चुकवून जुन्या प्रोसेसरवर चढवलेल्या विंडोज ११ लाही पुढची वार्षिक अपडेट आपोआप मिळण्याची हमी नसते.

संगणक सुरूच होत नसेल तर

विंडोज सलग दोन-तीनदा सुरू होण्यात फसले की निळ्या पार्श्वभूमीचा दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तो न आल्यास दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करावा आणि बूट मेनूतून तो निवडावा. त्यासाठीचे बटण बोर्डागणिक बदलते : असूसवर एफ८, गिगाबाइटवर एफ१२, एमएसआय आणि अ‍ॅसरॉकवर एफ११. तिथे ‘इन्स्टॉल’ न निवडता ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ (नव्या आवृत्त्यांत ‘रिपेअर माय पीसी’) घ्यावे. मग ट्रबलशूट, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ येथे आधी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करून पाहावे. मासिक अपडेटने बिघडले असेल तर ‘क्वालिटी’, वार्षिक मोठ्या अपडेटने बिघडले असेल तर ‘फीचर’. त्याने जमले नाही तर ‘स्टार्टअप रिपेअर’, आणि त्यानंतर ‘सिस्टिम रिस्टोअर’.

यश आल्यावर लगेच साफसफाईच्या मागे लागू नये. मोठ्या अपडेटनंतर जुने विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात साधारण १० दिवस राहते आणि तेवढ्याच काळात मागे फिरता येते. त्या दिवसांत ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून कुठे पिवळे चिन्ह आहे का, प्रिंटर आणि आवाज चालतात का, हे पाहावे, काढून ठेवलेली उपकरणे एकेक करून जोडावीत, आणि एक्सएमपी सर्वांत शेवटी सुरू करावे. मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी निघतात, म्हणजे आपल्याकडे त्या रात्री उशिरा. बुधवारी सकाळी कामाला बसण्याआधीच ते रीस्टार्ट मागू शकतात. विद्यापीठाची परीक्षा किंवा जीएसटीचे विवरणपत्र तोंडावर असेल तर विंडोज ११ मधील ‘पॉज अपडेट्स’ने ते पुढे ढकलता येते, कमाल पाच आठवड्यांपर्यंत.

इतके करूनही यंत्र दुकानात न्यावेच लागले, तर मोबाइलमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’चा फोटो, टिपलेला संकेतांक आणि करून पाहिलेल्या उपायांची यादी सोबत द्यावी, आणि विचारल्याशिवाय फॉर्मॅट करू नये हे पावतीवर लिहून घ्यावे. यंत्र परत घेताना तिथेच ते सुरू करून बायोसची तारीख, ‘विंडोज अपडेट’चे पान आणि ‘डिस्क मॅनेजमेंट’मधील बूट विभागाची जागा या तीन गोष्टी पाहून घ्याव्यात.